प्राचीन भूमध्य जगात शिरायचं कसं: आधी समुद्र, मग एक शहर, मग एक गल्ली

ग्रीक-रोमन जगाबद्दल वाचायचं आहे, सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर मिळतं. एक तर झ्यूसपासून सुरू होणारी देवांची वंशावळ हातात पडते, नाहीतर अलेक्झांडर, हॅनिबल, सीझर अशी सेनापतींची यादी. दोन्ही वाटांनी निघालेला माणूस लवकर दमतो. नावं एकमेकांत गुंततात, सनावळ्या डोक्यावरून जातात आणि त्या जगातली माणसं खात काय होती, पैसे कशावर उडवत होती, भिंतींवर काय खरडत होती याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून हा लेख उलट्या बाजूने जातो. देव आणि राजे नंतर भेटतील, ते कुठे पळून जात नाहीत. तयारी म्हणून एक वही, इंटरनेट आणि इंग्रजी वर्तमानपत्र वाचता येईल इतकं इंग्रजी पुरे. ग्रीक-लॅटिन येण्याची गरज नाही. गोडी लागली तर ते पुढे शिकता येतं.

पायरी १: नकाशा स्वतः काढा

छापील नकाशा समोर ठेवा, पण कोऱ्या कागदावर समुद्राची कड स्वतःच्या हाताने काढा. वेडीवाकडी आली तरी चालेल. डावीकडे जिब्राल्टरची सामुद्रधुनी, उजवीकडे लेबनॉनचा किनारा, मध्ये जवळजवळ चार हजार किलोमीटर पाणी. आता त्यावर दहा ठिपके द्या: टायर, अलेक्झांड्रिया, क्रीट बेटावरचं क्नोसस, ट्रॉय, अथेन्स, सिसिलीतलं सिराक्यूज, कार्थेज, रोम, पोम्पेई, आणि जिब्राल्टरच्याही पलीकडे अटलांटिकच्या काठावरचं कादिझ. कादिझ वसवलं ते फिनिशियन लोकांनी, म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरून निघालेल्या व्यापाऱ्यांनी. नकाशाचं एक टोक दुसऱ्या टोकाला किती घट्ट बांधलेलं होतं, ते या एका ठिपक्यावरून कळतं.

आजच्या देशांच्या सीमा मात्र काढू नका, त्या फसवतात. सिराक्यूज हे इटलीतलं शहर, पण प्राचीन काळी ग्रीकांचं. इतिहासकार हिरोडोटस ग्रीक, पण त्याचं जन्मगाव हालिकार्नासस म्हणजे तुर्कस्तानातलं आजचं बोद्रुम. कार्थेज ट्युनिस शहराच्या उपनगरात आहे. डोंगर मध्ये आले की माणसं तुटायची आणि पाणी आलं की जोडली जायची, हे लक्षात ठेवलं की पुढचं बरंच काही आपोआप उलगडतं.

नकाशा झाल्यावर वारा समजून घ्या. उन्हाळ्यात पूर्व भूमध्य समुद्रावर वारा प्रामुख्याने उत्तर आणि वायव्येकडून वाहतो. त्यामुळे रोमहून अलेक्झांड्रियाला जहाज दोन-तीन आठवड्यांत पोचायचं, पण इजिप्तचं धान्य घेऊन परतताना त्याच अंतराला महिना-दोन महिने लागायचे. नोव्हेंबर ते मार्च समुद्र जवळजवळ बंदच. इ.स.पू. ७००च्या सुमाराचा ग्रीक कवी हेसिओड शेतकऱ्यांना उपदेश करताना जहाज कधी पाण्यात ढकलावं आणि कधी ओढून वर घ्यावं, तेही सांगतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाचं ‘ऑर्बिस’ नावाचं मोफत संकेतस्थळ आहे. त्यात दोन शहरं आणि महिना निवडला की रोमन काळात प्रवासाला किती दिवस आणि किती खर्च लागला असता याचा अंदाज निघतो. एक संध्याकाळ त्यावर घालवा. जानेवारी आणि जुलै यांतला फरक पाहिला की कुठलंही युद्ध वाचताना ‘हे कुठल्या महिन्यात घडलं?’ असा प्रश्न आपसूक पडायला लागतो.

पायरी २: काळाचे पाच खण

सनावळ्या पाठ करू नका. पाच खण पुरेत. पहिला, ब्राँझयुग, साधारण इ.स.पू. ३००० ते १२००: पिरॅमिड, क्रीटचे राजवाडे, ग्रीसमधलं मायसीनी. दुसरा, त्यानंतरची पडझडीची शतकं. इ.स.पू. १२००च्या आसपास पूर्व भूमध्यातली राजवाड्यांची व्यवस्था एकामागून एक कोसळली. का कोसळली यावर दुष्काळ, भूकंप, स्वाऱ्या, व्यापार तुटणं अशी अनेक कारणं सांगितली जातात आणि बहुधा ती एकत्रच आली. तिसरा खण ग्रीक आणि फिनिशियन शहरांचा, इ.स.पू. ८०० ते अलेक्झांडरच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे ३२३. चौथा त्याच्या सेनापतींच्या राज्यांचा, क्लिओपात्राच्या मृत्यूपर्यंत, इ.स.पू. ३०. पाचवा रोमन साम्राज्याचा. आपल्याकडचे सातवाहन चौथ्या-पाचव्या खणात येतात. ती खूण वहीत करून ठेवा, शेवटी लागणार आहे.

हिशेबाचा एक सापळा आहे. इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, मध्ये शून्य वर्ष नाही. ज्युलियस सीझरचा खून इ.स.पू. ४४ मधला आणि ऑगस्टसचा मृत्यू इ.स. १४ मधला. या दोन्हींत ५८ नव्हे, ५७ वर्षांचं अंतर आहे.

पायरी ३: वहीत तीन रकाने

ही पायरी छोटी आहे, पण सगळ्यांत कामाची. वहीच्या प्रत्येक पानावर तीन रकाने पाडा: सांगितलेलं, लिहिलेलं, सापडलेलं. पहिल्यात दंतकथा आणि मागाहून सांगितल्या गेलेल्या गोष्टी. दुसऱ्यात त्या काळात किंवा त्याच्या जवळपास कुणीतरी लिहून ठेवलेलं. तिसऱ्यात जमिनीतून किंवा समुद्रातून निघालेलं. वाचताना भेटणारं प्रत्येक विधान यांपैकी कुठे बसतं ते ठरवा. ठरवता येत नसेल तर ते विधान कुणी, कधी केलं हे शोधा.

उदाहरण घ्या. इ.स.पू. १४६ मध्ये रोमनांनी कार्थेज उद्ध्वस्त केलं आणि तिथल्या जमिनीत मीठ पेरलं, असं अजूनही सर्रास वाचायला मिळतं. शहर जाळलं, हे लिहिलेलंही आहे आणि सापडलेलंही. मिठाची गोष्ट मात्र कुठल्याही प्राचीन ग्रंथात नाही. ती आधुनिक काळात चिकटली आणि पुस्तकापुस्तकांतून फिरत राहिली. म्हणजे दंतकथा फक्त प्राचीन लोकच रचत होते असं नाही.

पायरी ४: एक शहर धरा. माझं मत पोम्पेईला

पोम्पेई फार प्रसिद्ध आहे म्हणून नाकं मुरडणारे असतात. पण नवशिक्यासाठी तिच्याइतकं सोयीचं शहर दुसरं नाही. दुसरीकडे आपल्याला देवळं आणि थडगी मिळतात, इथे गल्ली मिळते. नेपल्सच्या आखातालगत, व्हेसुव्हिअसच्या पायथ्याशी, दहा-बारा हजार वस्तीचं हे मध्यम आकाराचं गाव इ.स. ७९ मध्ये राखेखाली गाडलं गेलं. उत्खनन १७४८ मध्ये सुरू झालं आणि अजूनही शहराचा साधारण एक तृतीयांश भाग खणायचा बाकी आहे.

सुरुवात धाकट्या प्लिनीच्या दोन पत्रांपासून करा. स्फोट झाला तेव्हा हा मुलगा सतरा वर्षांचा होता आणि आखाताच्या दुसऱ्या टोकाला मिसेनम इथे मामाकडे राहत होता. मामा म्हणजे थोरला प्लिनी, रोमन आरमाराचा प्रमुख आणि जगातल्या झाडून सगळ्या गोष्टींची नोंद करणारा विद्वान. मामा जहाज काढून जवळून बघायला निघाला, भाच्याला येतोस का म्हणाला, तर भाचा म्हणाला की मला अभ्यास करायचा आहे. मामा स्टाबिए इथल्या किनाऱ्यावर मेला. भाच्याने हे सगळं पंचवीसेक वर्षांनी टॅसिटस या इतिहासकाराला लिहून कळवलं. दोन्ही पत्रं मिळून अर्ध्या तासात वाचून होतात, आणि डोळ्यांनी पाहणाऱ्याने लिहिलेला असा मजकूर प्राचीन जगात दुर्मीळच.

आता लगेच वहीतला तिसरा रकाना उघडा. पत्रांच्या हस्तलिखितांत तारीख येते २४ ऑगस्ट. पण २०१८ मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली ओळ सापडली, तिच्यावर १७ ऑक्टोबरशी जुळणारी तारीख आहे. वर्ष दिलेलं नाही. शरद ऋतूतली फळं आणि शेगड्याही मिळाल्या आहेत. त्यामुळे स्फोट ऑक्टोबरच्या अखेरीस झाला असं बरेच जण आता मानतात, काही अजून ऑगस्टवर ठाम आहेत. वहीत दोन्ही तारखा लिहा आणि पुढे जा. असे न मिटलेले वाद उघडे ठेवता येणं हीच या विषयातली पहिली सवय.

मग गल्लीत शिरा. विआ देल्लाब्बोंदान्झा हा पोम्पेईचा हमरस्ता. हे नाव आधुनिक इटालियन आहे, प्राचीन नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना बेकऱ्या, कपडे धुणाऱ्यांचे कारखाने (तिथे धुलाईसाठी माणसाचं मूत्र वापरायचे), दगडी ओट्यात मोठी मडकी बसवलेली खानावळवजा दुकानं आहेत. असंच एक दुकान शहराच्या दुसऱ्या भागात निघालं, त्याची माहिती डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाली. ओट्यावर कोंबडा, बदकं आणि साखळीला बांधलेला कुत्रा रंगवलेला, आणि मडक्यांत बदक, डुक्कर, बोकड, मासे आणि गोगलगायींचे अवशेष. वाइनच्या मडक्याच्या तळाशी दळलेले बाकल्याचे दाणे होते, वाइनचा रंग-चव सुधारायला टाकलेले.

दर हवे असतील तर भिंती वाचा. पोम्पेईच्या भिंतींवर हजारो ओळी खरडलेल्या आणि रंगवलेल्या आहेत. एका गुत्त्याची जाहिरात सांगते की एका ‘अस’ला इथे प्यायला मिळेल, दोन दिलेत तर बरी मिळेल, चार दिलेत तर फालेर्नियन, म्हणजे त्या काळची नावाजलेली वाइन. अस हे तांब्याचं नाणं, चार अस म्हणजे एक सेस्टर्स, चार सेस्टर्स म्हणजे चांदीचा एक डिनेरिअस. दुसऱ्या एका भिंतीवर कुणीतरी रोजचा खर्च मांडला आहे: पाव, चीज, तेल, कांदे, वाइन. त्यात गुलामासाठीच्या पावाचे दोन अस वेगळे दाखवले आहेत. एका ओळीत सगळी समाजरचना येते ती अशी.

निवडणुकीच्या घोषणांवर तर दोन दिवस सहज जातात. मातब्बर उमेदवारांना बेकरीवाले, फळवाले, खेचरवाले पाठिंबा जाहीर करतात. वाटिया नावाच्या एका उमेदवाराला मात्र चोरटे, उशिरापर्यंत पिणारे आणि झोपाळू यांचा पाठिंबा असल्याचं भिंतीवर रंगवलेलं आहे. विरोधकांनी केलेली ही खोडी, की मित्रांची थट्टा, हे आज सांगता येत नाही. गल्लीतलं राजकारण ओळखीचं वाटतं एवढं खरं.

इथे थोडा सावधपणा हवा. ‘एका क्षणी गोठलेलं शहर’ हे वर्णन आकर्षक आहे, पण ते चुकीचं आहे. इ.स. ६२च्या सुमाराच्या मोठ्या भूकंपानंतर अनेक इमारती दुरुस्तीतच होत्या. स्फोट सुरू झाल्यावर बरेच लोक सामान घेऊन निघून गेले. नंतर काही जण मौल्यवान वस्तू काढायला परत आले. अठराव्या शतकातल्या खोदणाऱ्यांनी नेपल्सच्या राजाच्या राजवाड्यासाठी भित्तिचित्रं कापून नेली, आणि १९४३ मध्ये दोस्तराष्ट्रांचे बॉम्बही पोम्पेईवर पडले. म्हणजे आपण बघतो ते शहर अनेक वेळा हाताळलेलं आहे.

माणसांच्या साच्यांबाबत तर जास्तच जपून. राखेत शरीर कुजून उरलेल्या पोकळीत प्लास्टर ओतून साचा काढण्याची रीत ज्युझेप्पे फिओरेल्लीने १८६३ मध्ये सुरू केली. सोन्याचं कडं घातलेली एक व्यक्ती आणि तिच्या मांडीवरचं मूल ‘आई आणि बाळ’ म्हणून कितीतरी वर्षं दाखवली जात होती. २०२४ मध्ये डीएनए तपासणी प्रसिद्ध झाली: प्रौढ व्यक्ती पुरुष निघाली आणि मुलाशी तिचं रक्ताचं नातं नव्हतं. सोनं आणि मांडीवर मूल म्हणजे आई, हे पोम्पेईने सांगितलेलं नव्हतं, बघणाऱ्यांनी ठरवलं होतं.

पायरी ५: आता दंतकथा, पण रकाने सोडू नका

ग्रीक पुराणकथांबद्दल एक गैरसमज सुरुवातीलाच काढून टाका. त्यांची कुठलीही अधिकृत प्रत नाही. आपल्याकडे ग्रंथातली सीता आणि जात्यावरच्या ओव्यांतली सीता वेगळं बोलतात, तसंच तिथे गावोगावी आणि कवीगणिक गोष्ट बदलते. ट्रॉयच्या युद्धाचं कारण हेलन, हे सगळ्यांना माहीत असतं. पण हेलन ट्रॉयला गेलीच नाही, ती सगळा काळ इजिप्तमध्ये होती, अशीही जुनी परंपरा आहे. ग्रीक नाटककार युरिपिडीजने तिच्यावर नाटक लिहिलं, आणि इजिप्तच्या पुजाऱ्यांनी आपल्याला हेच सांगितल्याचं हिरोडोटस लिहितो. ‘खरी गोष्ट कोणती?’ हा प्रश्न इथे निरुपयोगी आहे. ‘ही कुणी, कुठे, कुणासाठी सांगितली?’ असं विचारा.

इलियड, म्हणजे होमरचं ट्रॉयच्या युद्धावरचं महाकाव्य, वाचायला घेणाऱ्यांसाठी आधीच सांगतो: त्यात लाकडी घोडा येत नाही, ट्रॉय पडतही नाही. दहाव्या वर्षातल्या काही आठवड्यांची ती कथा आहे आणि ट्रॉयचा वीर हेक्टर याच्या अंत्यविधीपाशी संपते. घोड्याची गोष्ट होमरच्याच ओडिसीत थोडक्यात आणि व्हर्जिलच्या लॅटिन महाकाव्यात सविस्तर येते. नवशिक्याने ओडिसी आधी घ्यावी असं मला वाटतं. तिच्यात डुकरं राखणारा गुराखी आहे, म्हातारी दाई आहे, विणकाम आहे, पाहुणचाराचे नियम आहेत. इलियडमधल्या भाल्यांच्या जखमा नंतर सोसवतात.

ट्रॉयचं पान तीन रकान्यांत कसं भरतं ते बघा. सांगितलेलं: होमर आणि मंडळी. लिहिलेलं: आजच्या तुर्कस्तानातल्या प्राचीन हिटाईट राज्याच्या मातीच्या पाट्यांवर पश्चिमेकडच्या विलुसा नावाच्या राज्याचा उल्लेख येतो, आणि ते ट्रॉयच असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. सापडलेलं: तुर्कस्तानातली हिसार्लिक टेकडी, एकावर एक नऊ मुख्य थर. जर्मन व्यापारी हाइनरिश श्लीमान तिथे १८७० पासून खणत होता. १८७३ मध्ये त्याला सोन्याचे दागिने मिळाले आणि त्याने ते होमरच्या कथेतला ट्रॉयचा राजा प्रायम याचे म्हणून जाहीर केले. प्रत्यक्षात ते दुसऱ्या थरातले, म्हणजे युद्धाच्या मानल्या गेलेल्या काळाच्या हजारभर वर्षं आधीचे. तिथे पोचण्यासाठी मधले थर त्याने सरळ कापून काढले. तो खजिना आज मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात आहे. इ.स.पू. ११८०च्या सुमाराला जळालेला थरही टेकडीत आहे, पण तो कुणी आणि कशासाठी जाळला हे थर सांगत नाही.

क्रीटचं पान भरताना असाच हिशेब करा. बैलाच्या डोक्याचा मिनोटॉर आणि चक्रव्यूह हे सांगितलेलं. क्नोससचा राजवाडा आणि बैलावरून उडी मारणाऱ्यांची चित्रं हे सापडलेलं. आर्थर इव्हान्सने १९०० पासून तिथे खोदकाम केलं आणि लाल खांब, गच्च्या काँक्रीटमध्ये परत उभारल्या. फोटोत जे झगमगतं त्यातलं बरंचसं विसाव्या शतकातलं आहे. दोन लिप्या सापडल्या. एक, लिनिअर ए, आजही वाचता आलेली नाही. दुसरी, लिनिअर बी, मायकेल व्हेंट्रिसने १९५२ मध्ये उलगडली आणि तिची भाषा ग्रीक निघाली. सगळ्यांना वाटलं होतं की आता वीरांच्या गाथा मिळतील. निघाल्या त्या मेंढ्यांच्या, तेलाच्या, लोकरीच्या नोंदी आणि कापडकामावर असलेल्या बायका-मुलांच्या याद्या. काहींची निराशा झाली. मला विचाराल तर राजवाड्याचा कारकून महाकवीपेक्षा कमी रंजक नाही. त्या पाट्या टिकल्या तेही योगायोगानेच: कच्च्या मातीच्या होत्या, राजवाडे जळाले तेव्हा भाजून निघाल्या.

पायरी ६: किरकोळ लोकांचे कागद

इजिप्तची कोरडी हवा कागद राखते, म्हणून सामान्य माणसाचा आवाज तिथे ऐकू येतो. ऑक्सिऱ्हिंकस या गावाचे उकिरडे ग्रेनफेल आणि हंट या दोन इंग्रज संशोधकांनी १८९६ च्या हिवाळ्यात उपसायला घेतले आणि पपायरसचे लाखो तुकडे निघाले. त्यात थिऑन नावाच्या मुलाचं बापाला लिहिलेलं पत्र आहे. बाप त्याला न नेता शहरात गेला. मुलगा लिहितो की मला अलेक्झांड्रियाला नेणार नसशील तर तुला पत्र लिहिणार नाही, बोलणार नाही, आणि शेवटी, जेवणार नाही, पिणार नाही. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर. हे पत्र शोधून वाचाच.

इजिप्तमधलंच दुसरं ठिकाण देर एल-मदिना, राजांच्या थडग्यांवर काम करणाऱ्या कारागिरांची वस्ती. इ.स.पू. १२व्या शतकाच्या मध्याला, तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या २९व्या वर्षी, धान्याचं वेतन थकलं म्हणून ते काम टाकून देवळामागे जाऊन बसले. संपाची ही लेखी नोंद तुरीनच्या संग्रहालयात आहे.

गुलामांनी स्वतः लिहिलेलं फारच थोडं मिळतं, स्त्रियांचंही तसंच. त्यांच्यासाठी वस्तूंकडे वळावं लागतं. पोम्पेईजवळच्या, त्याच स्फोटात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियममध्ये कोळसा झालेला एक पाव मिळाला, त्यावर ठसा आहे: केलेर, क्विंटस ग्रानिअस व्हेरुसचा गुलाम. वहीत त्याचं नाव जरूर लिहा.

पायरी ७: मूळ वाचा, आणि चित्रांवर विश्वास ठेवू नका

टफ्ट्स विद्यापीठाची ‘पर्सियस’ डिजिटल लायब्ररी मोफत आहे, ग्रीक-लॅटिन ग्रंथ भाषांतरासह मिळतात. देवदेवतांबद्दल कुठल्या कवीने काय म्हटलं ते ‘थिओई’ या संकेतस्थळावर उताऱ्यांसकट सापडतं. प्राचीन गावाचं ठिकाण शोधायला ‘प्लीएडीज’. मोफत भाषांतरं बहुतेक शंभर-सव्वाशे वर्षं जुनी असतात, भाषा ताठर आणि अश्लील वाटलेल्या ओळी गाळलेल्या किंवा गुळगुळीत केलेल्या. पहिल्या वाचनाला चालतात. विकत घ्यायचं तर गेल्या तीसेक वर्षांतलं घ्या.

वाचण्याचा क्रम माझ्या मते असा: प्लिनीची दोन पत्रं, मग ओडिसी, मग हिरोडोटसचा इजिप्तवरचा दुसरा खंड, मग प्लुटार्कचं एखादं चरित्र. ग्रीक इतिहासकार थुसिडिडीज घाई करून उघडू नका, तो मन लावून वाचायचा लेखक आहे.

समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या चित्रांसाठी सोप्या चाचण्या आहेत. रोमन जेवणाच्या टेबलावर टोमॅटो, बटाटा, मिरची किंवा मका दिसला तर चित्र गेलं कामातून. हे सगळं १४९२ नंतर अमेरिकेतून आलं. सगळे पुतळे पांढरेशुभ्र असतील तर तेही खोटं. ते रंगवलेले असत, रंग उडून गेले. आणि एखाद्या वस्तूखाली ती कुठे मिळाली, कधी मिळाली आणि आज कुठे आहे हे लिहिलेलं नसेल तर ती वहीत घेऊ नका.

पायरी ८: हे जग कोल्हापूर-तेरपर्यंत आलेलं आहे

पोम्पेईच्या त्या हमरस्त्यालगतच्या एका घरात १९३८ मध्ये हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. उंची साधारण २५ सेंटीमीटर, अंगावर दागिने, दोन बाजूंना दोन दासी, डोक्यात वरून भोक. म्हणजे ती बहुधा एखाद्या सामानाचा पाय किंवा मूठ होती. तळाशी खरोष्ठी अक्षर आहे. सुरुवातीला तिला लक्ष्मी म्हटलं गेलं, आता यक्षी म्हणतात. अशाच धाटणीच्या हस्तिदंती मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला मिळाल्या आहेत, त्यामुळे पोम्पेईची मूर्ती दख्खनमधून गेली असावी असं एक मत आहे. खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी, म्हणून वाद शिल्लक आहे.

आता ‘पेरिप्लस’ वाचा. इ.स. पहिल्या शतकाच्या मध्याला इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेली ही बंदरांची माहितीपुस्तिका, छोटीशी आणि रूक्ष, पण सातवाहनांच्या काळातली आपली गावं त्यात आहेत. जुलैमध्ये इजिप्तहून निघावं, म्हणजे मोसमी वारा भारतापर्यंत आणून सोडतो, असं तो सांगतो. भरूचपासून दक्षिणेला २० दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला १० दिवसांवर तगर, म्हणजे तेर. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तगरहून कापड गाड्यांवर लादून भरूचला उतरतं. सोपारा, कल्याण, चौल ही बंदरंही येतात, आणि कल्याणला चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भरूचला नेली जातात, अशी तक्रारही येते. भरूचला काय खपतं त्या यादीत इटालियन वाइन पहिली. ती ज्या निमुळत्या बुडाच्या, दोन कानांच्या अँफोरांतून यायची त्यांची खापरं घारापुरी आणि नेवाशाला मिळाली आहेत. उलट बाजूला, तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात देवळाच्या आवारात भारतीय बनावटीचा रांजण निघाला, आत साडेसात किलो काळी मिरी. आणि भारत दरसाल पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो अशी कुरकुर करणारा कोण, तर तोच थोरला प्लिनी, किनाऱ्यावर मेलेला मामा. ऐषारामावर तो नेहमीच चिडलेला असायचा, तेव्हा आकडा ‘लिहिलेलं’ या रकान्यात ठेवा, ‘सापडलेलं’मध्ये नको.

प्रत्यक्ष बघायचं तर कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात जा. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती मिळाली, ती तिथे आहे. तेरला गावातच संग्रहालय आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या यवनांनी (त्या काळी ग्रीकांसाठीचा शब्द) दान दिलेले खांब आहेत, लेख ब्राह्मीत, दात्यांची नावं सिंहध्वज, धर्म अशी. हे लोक थेट ग्रीक, की वायव्येकडून येऊन इथे मुरलेले, यावर विद्वानांत मतभेद आहेत. लेख वाचता येत नसले तरी मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की अक्षरं उठून दिसतात.

इटलीला जाण्याचा योग आला तर

पोम्पेईच्या भिंतींवरची चांगली चित्रं, मोझेइक आणि ती हस्तिदंती यक्षी नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत, तेव्हा तिथे आधी जा. मंगळवारी ते बंद असतं. नोव्हेंबर २०२४ पासून पोम्पेईत दिवसाला २० हजारच लोकांना सोडतात आणि तिकिटावर नाव लागतं. सुट्टीच्या हंगामात आगाऊ काढा आणि पासपोर्ट जवळ ठेवा. नेपल्सहून लोकल ट्रेनने पोम्पेई स्कावी स्टेशनवर उतरलं की प्रवेशद्वार समोरच. आत सावली जवळजवळ नाही आणि रस्त्याचे दगड पाय मुरगळवणारे आहेत, त्यामुळे जाड तळाचे बूट, टोपी आणि पाण्याची बाटली हवीच. सगळं शहर एका दिवसात उरकायचा प्रयत्न करू नका. वहीतली गल्ली आणि तीन-चार घरं ठरवून जा. ज्यांना गर्दी नको आणि लाकडी माळे, पलंग, दारं टिकलेली बघायची आहेत त्यांनी हर्क्युलेनियम गाठावं. त्याचं स्टेशन, एर्कोलानो स्कावी, त्याच लोकलवर नेपल्स आणि पोम्पेईच्या मध्ये लागतं आणि तिथे अर्धा दिवस पुरतो.